श्रेढी असते, पण सापडते कशी?



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गणित नाही. त्यामुळे आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हा माणूस वाट चुकला. तसं नाही. या विषयाकडे मला एका वहीने आणलं. ती गोष्ट आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले. हातात चौकटींची दोनशे पानी वही. एका पोथीतला एक अध्याय त्यांनी तिच्यात उतरवून काढला होता, एका चौकटीत एक अक्षर. साधारण तीन हजार अक्षरं भरली असतील. त्यातल्या तीन अक्षरांभोवती लाल पेन्सिलीने गोल केले होते. पहिल्या गोलापासून दुसरा जितक्या चौकटींवर, दुसऱ्यापासून तिसरा बरोबर तितक्याच चौकटींवर. ती तीन अक्षरं ओळीने वाचली की त्यांच्या मुलाचं नाव होत होतं. मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता.

मी म्हटलं, "अहो, हा योगायोग आहे." ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "असेल. पण सर, योगायोग म्हणजे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. मी ह्यूमबद्दल काहीतरी बोललो. कार्यकारणभाव, मनाची सवय, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गेले. ते 'किती' मात्र माझ्याकडेच राहिलं.

आता बघा, त्यांनी केलं काय होतं? अक्षरांच्या एका लांबलचक ओळीत त्यांनी सारख्या अंतरावरच्या जागा शोधल्या होत्या. पाचवी, बारावी, एकोणिसावी, अशा. याला शाळेत आपण अंकगणिती श्रेढी म्हणतो. 'श्रेढी' हा शब्द पाठ्यपुस्तकवाल्यांनी इंग्रजीवरून घडवलेला नाही. तो बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. तिच्यातलं श्रेढीव्यवहार हे प्रकरणच याविषयी आहे. पहिलं पद म्हणजे आदि, दर वेळची वाढ म्हणजे चय, आणि पदांची संख्या म्हणजे गच्छ. 'गच्छ'चा अर्थ मी विद्यार्थ्यांना विचारायचो, कुणालाच यायचा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाची सोय झाल्याचं नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे हे प्रकरण आपल्या खानदेशात शिकवलं जात होतं असं मानायला हरकत नाही.

लीलावतीत एक गणित आहे. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो आणि रोज काही ठरावीक वाढ करत सात दिवसांत ऐंशी योजनं जातो. तर रोजची वाढ किती? उत्तर येतं २२ सप्तमांश योजन. सुंदर गणित आहे. पण त्यात श्रेढी आहे हे आधीच सांगितलेलं असतं. राजा श्रेढीत चालतो हे गृहीत, एवढाच चय लपवलेला. आदि, चय, गच्छ, बेरीज यांतलं एक झाकायचं आणि उरलेल्यांवरून काढायचं. जुन्या गणिताचं श्रेढीशी नातं बहुतेक असंच होतं.

माझ्या त्या गृहस्थांचा प्रश्न उलटा होता. समोर एक गोंधळ आहे. त्यात श्रेढी आहे का? असेल तर कुठे, आणि सगळ्यांत लांब कोणती? हा प्रश्न विसाव्या शतकाचा आहे. त्याचे दोन तुकडे आहेत, आणि ते वेगळे ठेवले नाहीत की घोटाळा होतो. श्रेढी असणं हा एक प्रश्न. ती सापडणं हा दुसरा.

पहिल्या तुकड्याची कथा १९२६ सालची, हॅम्बुर्गची. फान डेर वार्डेन नावाचा तेवीस वर्षांचा डच तरुण तिथे होता. बोदेत नावाच्या एका डच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं एक अनुमान त्याला ठाऊक होतं. बोदेत स्वतः १९२१ मध्येच, अगदी तरुण वयात वारले होते. अनुमान असं: १, २, ३, ४ अशा सगळ्या संख्या तुम्ही दोन गटांत कशाही वाटा. लहर येईल तशा, नाणं उडवून, कशाही. तरी दोहोंपैकी एका गटात तुम्ही म्हणाल तेवढ्या लांबीची श्रेढी मिळेलच.

कुणाकडे कागद असेल तर करून बघा. आठ चौकटी काढा आणि लाल, निळा असे दोन रंग भरा. एकाच रंगाच्या तीन चौकटी सारख्या अंतरावर येऊ द्यायच्या नाहीत. लाल लाल, निळा निळा, लाल लाल, निळा निळा. जमलं. आता नववी चौकट काढा. लाल भरली तर पहिली, पाचवी, नववी लाल. निळी भरली तर सातवी, आठवी, नववी निळी. तुम्ही म्हणाल, आधीचे आठ रंग वेगळे भरू. भरा. नऊ चौकटींत कुणालाच सुटता येत नाही. माझ्या नातवाने एक अख्खी दुपार घालवली, मग म्हणाला, "आजोबा, हे फसवं आहे." फसवं नाही. प्रमेय आहे.

फान डेर वार्डेनने पुढे हे कसं सुचलं ते स्वतःच लिहून ठेवलं. जेवण झाल्यावर तो, एमिल आर्टिन आणि ओटो श्रायर असे तिघे आर्टिनच्या खोलीत गेले आणि फळ्यावर आकृत्या काढत बसले. श्रायर म्हणाला, अनंत संख्यांची गोष्ट कशाला करायची? अनंतात हे खरं असेल तर कुठल्यातरी ठरावीक संख्येपर्यंतसुद्धा ते खरं असलंच पाहिजे, आपल्या नऊ चौकटींसारखं. मग आर्टिन म्हणाला, दोनच गट का? कितीही गट घ्या आणि ते सिद्ध करू. म्हणजे सिद्ध करायची गोष्ट त्याने आणखी अवघड केली. आणि त्यामुळेच ती सोपी झाली! गणितात असं होतं. पायरीपायरीने चढायचं असेल तर मोठ्या विधानाची खालची पायरीही मोठी मिळते, तिच्यावर पाय नीट ठेवता येतो. त्यानंतर शेवटची युक्ती फान डेर वार्डेनला सुचली आणि १९२७ मध्ये निबंध छापून आला. श्रायर त्यानंतर दोनच वर्षांत, अठ्ठावीस वर्षांचा असताना गेला. फळ्यापुढच्या त्या दुपारीविषयी वाचताना मला नेहमी त्याची आठवण होते.

इथे माझ्या विषयातला एक मुद्दा येतो. फान डेर वार्डेन ॲमस्टरडॅमला शिकला, आणि तिथे ब्राउवर प्राध्यापक होते. ब्राउवर यांचा आग्रह असा की गणितात एखादी गोष्ट 'आहे' म्हणायची तर ती कशी मिळवायची ते दाखवा. 'नाही म्हटलं तर विसंगती येते, म्हणून आहे' हे त्यांना चालत नसे. या कसोटीवर फान डेर वार्डेनची सिद्धता नापास होत नाही. ती 'अमुक इतक्या चौकटी घ्या, श्रेढी मिळेल' असं सांगते. पण ते 'अमुक इतक्या' किती, हे पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. तीन पदांना खरोखर नऊ चौकटी लागतात. चार पदांना ३५. पाच पदांना १७८. सहा पदांना ११३२, आणि हे २००८ साली संगणकाच्या जोरावर सिद्ध झालं. सात पदांचा नेमका आकडा आजही माहीत नाही. सिद्धतेतून निघणारा आकडा मात्र इतका अवाढव्य की तो लिहायला नेहमीची चिन्हं पुरत नाहीत. २००१ मध्ये टिमथी गॉवर्स यांनी तो खाली आणला. कुठवर, तर दोनचा घात, त्यावर दोनचा घात, असे पाच मजले! रॉन ग्रॅहम यांनी एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं: दोनचा घात पदांच्या वर्गाइतका, एवढ्या चौकटी पुरतात हे दाखवा. सात पदांसाठी ती पंधरा आकडी संख्या होते. तेवढंसुद्धा कुणी दाखवलेलं नाही.

तेव्हा श्रेढी आहे. ब्राउवरना चालेल अशा रीतीने आहे. आणि तरी हाताला काही लागत नाही.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९३६ साली एर्दोश आणि तुरान यांनी विचारलं, रंग कशाला हवेत? एखादा गट पुरेसा दाट असेल, म्हणजे संख्यांमधला ठरावीक हिस्सा त्याने व्यापला असेल, तर त्यात लांब श्रेढी असायलाच हवी ना? तीन पदांपुरतं उत्तर रॉथ यांनी १९५३ मध्ये दिलं, आणि कितीही पदांसाठी सेमेरेदी या हंगेरियन गणितज्ञाने १९७५ मध्ये. मूळ संख्या एवढ्या दाट नाहीत, पुढे पुढे त्या विरळ होत जातात. तरीही त्यांच्यात हव्या तेवढ्या लांबीची श्रेढी असते हे बेन ग्रीन आणि टेरेन्स ताओ यांनी २००४ साली दाखवलं.

आता दुसरा तुकडा, सापडण्याचा. आणि मला जास्त रस याच्यात आहे, कारण वहीवाले गृहस्थ सिद्ध करत नव्हते, शोधत होते.

फळ्यावर या संख्या लिहितो: २, ५, ७, ८, ११, १२, १४, १७. यातली सगळ्यांत लांब श्रेढी कोणती? घाईने बघणाऱ्याला २, ७, १२, १७ दिसेल. चार पदं, चय पाच. पण २, ५, ८, ११, १४, १७ अशी सहा पदांची दुसरी आहे. हे डोळ्याने झालं कारण संख्या आठच आहेत. एक लाख असत्या तर?

सगळ्यांत भोळी रीत अशी. कोणत्याही दोन संख्या उचला. दोन पदं ठरली की चय ठरला, आणि चय ठरला की पुढचं सगळं ठरलं. श्रेढी ही अशी गरीब वस्तू आहे की पहिली दोन पदं हातात आली की तिला स्वतःचं मत उरत नाही. मग चालत जा, पुढचं पद यादीत आहे का बघत. लाख संख्यांच्या जोड्या होतात काही शे कोटी, आणि प्रत्येक जोडीपासून लांब चालावं लागलं तर काम लाखाच्या घनापर्यंत जातं. एकावर पंधरा शून्यं. लीलावतीच्या मोजणीत याला 'अंत्य' म्हणतात, नाव चांगलं शोभतं. सेकंदाला शंभर कोटी पायऱ्या करणारं यंत्र घेतलं तरी साडेअकरा दिवस.

यात वाया काय जातं? ५, ८, ११ अशी वाट आपण चाललो, आणि नंतर २, ५ या जोडीपासून निघालो तेव्हा तीच वाट पुन्हा चाललो. शहाणा माणूस एकदा केलेला हिशेब लिहून ठेवतो. संगणकशास्त्रात रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात याला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग असं भारदस्त नाव दिलं. आतली गोष्ट आपल्या किराणा दुकानदाराच्या खतावणीसारखी आहे. मागची बाकी पुढे ओढायची, पहिल्यापासून बेरीज करायची नाही. आपण एक तक्ता करतो. प्रत्येक जोडीसाठी, तिच्यापासून सुरू होणारी श्रेढी जास्तीत जास्त किती लांब, ते त्यात लिहायचं. भरायचा उजवीकडून डावीकडे. ८, ११ या जोडीसमोर चार लिहिलेले असतील, कारण ८, ११, १४, १७. तर ५, ८ समोर पाच लिहायचे आणि २, ५ समोर सहा. पुन्हा चालायचं नाही.

राहिला प्रश्न एवढाच, की ८ हे मधलं पद असलेल्या त्रिकुटाची डावी-उजवी पदं पटकन कशी मिळवायची. युक्ती दोन बोटांची आहे. ८ च्या लगेच डावीकडे एक बोट, म्हणजे ७ वर. लगेच उजवीकडे दुसरं, म्हणजे ११ वर. बेरीज ८ च्या दुप्पट, १६ यायला हवी. येते १८, म्हणजे जास्त. मग डावं बोट आणखी डावीकडे, ५ वर. ५ आणि ११ सोळा. सापडलं. बेरीज कमी आली असती तर उजवं बोट उजवीकडे सरकवलं असतं. तराजूची पारडी सारखी करावीत तसं. बोटं कधी मागे येत नाहीत, त्यामुळे एका मधल्या पदासाठी यादीवरून एकच फेरी पुरते. लाख पदांसाठी लाख फेऱ्या. काम घनावरून वर्गावर आलं, साडेअकरा दिवसांवरून दहा-वीस सेकंदांवर! अर्थात तक्ता ठेवायला जागाही वर्गाइतकी लागते, आणि ती पुष्कळ असते.

मग स्वाभाविकच विचारलं गेलं, वर्गापेक्षा कमी कामात होईल का? पुढची तीस वर्षं या प्रश्नाचं जे झालं ते तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावं. 'तीन संख्यांची बेरीज शून्य होते का' हा श्रेढीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या खायेन्तान आणि ओव्हरमार्स यांनी दाखवलं की भूमितीतले कितीतरी प्रश्न या भावावर टेकलेले आहेत. त्यातला एखादा वर्गापेक्षा बराच लवकर सुटला तर हाही सुटेल. वर्गापेक्षा लवकर होत नाही अशी बहुतेकांची समजूत होती. जेफ एरिक्सन यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केलं की ठरावीक साध्या प्रकारच्याच तुलना करायची परवानगी असेल तर वर्गाइतकं काम टळतच नाही. त्यांनीच नुसत्या लांब श्रेढीच्या शोधावरही लिहिलं: श्रेढी लांब असली की ती लवकर सापडावी अशी रीत करता येते. हे पटण्यासारखं आहे. मोठा मासा पाण्यात लपत नाही.

आणि २०१४ मध्ये ग्रोनलुंड आणि पेटी यांनी तीन संख्यांचा तो प्रश्न वर्गापेक्षा किंचित कमी कामात सोडवला. बचत अगदी चिमूटभर आहे, व्यवहारात तिचा उपयोग शून्य. पण 'अजून कुणाला जमलेलं नाही' आणि 'जमणारच नाही' या दोन वाक्यांमध्ये लोक वीस वर्षं नकळत ये-जा करत होते, ते थांबलं. बरीच मोठी बचत शक्य आहे का, हे अजून उघडंच आहे. आणि तीन पदांची श्रेढी शोधणं हे त्या भावाइतकंच अवघड आहे हे सिद्ध व्हायला २०२० साल उजाडलं. इतका साधा प्रश्न! अमुक यादीत अशा तीन संख्या आहेत का, की मधली ही दोघींची सरासरी आहे?

मूळ संख्यांकडे एक मिनिट परत जाऊ, कारण असणं आणि सापडणं यांतली दरी तिथे उघड दिसते. १९९ पासून २१० च्या अंतराने चाला: १९९, ४०९, ६१९, ८२९ करत २०८९ पर्यंत. दहा पदं, सगळी मूळ संख्या. चय २१० च का? २, ३, ५, ७ यांचा गुणाकार आहे तो. चयाला यांतल्या एकानेही भाग जात नसेल तर दहा पदांत कुठेतरी त्याने भाग जाणारं पद येतंच. म्हणजे शोधणारा आंधळेपणाने शोधत नाही. बहुतेक जागा तो न बघताच वगळतो. एवढं करूनही, २००४ पासून आपल्याला ठाऊक आहे की हजार पदांची, लाख पदांची अशी श्रेढी आहे; आणि हातात आलेली सगळ्यांत लांब सत्तावीस पदांची आहे. प्राइमग्रिड नावाच्या उपक्रमात जगभरचे लोक आपापले संगणक मोकळ्या वेळात कामाला लावतात, त्यातून ती २०१९ मध्ये मिळाली. पहिलंच पद अठरा आकडी: २२४५८४६०५९३९५३७९११. चय सतरा आकडी.

आता वहीकडे. पण थेट नाही, जेरुसलेमवरून.

१९९४ साली 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या प्रतिष्ठित नियतकालिकात विट्झटुम, रिप्स आणि रोझेनबर्ग यांचा निबंध आला. यांतले रिप्स हे हिब्रू विद्यापीठातले नावाजलेले गणितज्ञ, साधा माणूस नव्हे. हिब्रू उत्पत्तिग्रंथाची ७८,०६४ अक्षरं एका ओळीत मांडायची, आणि सारख्या अंतरावरची अक्षरं उचलून शब्द शोधायचे. जुन्या काळच्या प्रसिद्ध रब्बींची नावं आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तिथी एकमेकांच्या आसपास सापडतात, योगायोगाने सापडाव्यात त्यापेक्षा कितीतरी जास्त जवळ, असा त्यांचा दावा होता. संपादकांनी निबंध वाचकांपुढे एक कोडं म्हणून ठेवला. १९९७ मध्ये मायकल ड्रॉस्निन या पत्रकाराने त्यावर 'द बायबल कोड' हे पुस्तक लिहिलं आणि ते धडाधड खपलं. त्याने म्हटलं होतं, तोरामध्ये राबिन यांचं नाव आणि हत्या आधीच लिहिलेली आहे. खुद्द रिप्स यांनी या पुस्तकापासून अंग काढून घेतलं.

आता माझ्या गृहस्थांचा प्रश्न विचारू. योगायोग म्हणजे किती? ७८,०६४ अक्षरांत सारख्या अंतरावरच्या पाच जागा किती प्रकारे निवडता येतात? मघाचंच तत्त्व: दोन जागा ठरल्या की बाकीच्या ठरल्या. हिशेब करा, सुमारे ७६ कोटी येतात. हिब्रूची अक्षरं २२. त्यांचे पाच अक्षरी शब्द होतात ५१ लाख ५३ हजार ६३२. सगळी अक्षरं सारख्याच वेळा येतात असं ढोबळ मानलं, तर मनात येईल तो कोणताही पाच अक्षरी शब्द त्या ग्रंथात केवळ योगायोगाने सरासरी दीडशे वेळा सापडावा. उलट वाचायची मुभा घेतली तर तीनशे वेळा. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे शब्द जुळणं आणखी सोपं. राबिन यांचं पूर्ण नाव आठ अक्षरी, आणि शोध संपूर्ण तोरात, म्हणजे ३,०४,८०५ अक्षरांत. त्याच हिशेबाने अशी चार-पाच नावं दोन्ही बाजूंनी शोधली तर एखादं मिळायलाच हवं.

ड्रॉस्निनने टीकाकारांना आव्हान दिलं होतं: 'मोबी डिक' कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश काढून दाखवा, मग मानतो. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने काढून दाखवला. एक नाही, कितीतरी. त्यातल्या एका पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. देवमाशाच्या शिकारीवरच्या १८५१ सालच्या कादंबरीत!

मूळ निबंधाचं उत्तर मात्र इतकं सोपं नव्हतं, कारण त्यात केवळ 'सापडलं' असा दावा नव्हता, 'अपेक्षेपेक्षा जवळ सापडलं' असा होता. ते उत्तर मॅके, बार-नातान, बार-हिलेल आणि कलाई यांनी १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात दिलं. त्यांनी बोट ठेवलं ते नावांच्या यादीवर. एकेका रब्बीला अनेक नावं, बिरुदं, लिहिण्याच्या पद्धती. कोणतं घ्यायचं, कोणतं सोडायचं, याला जागा होती. तेवढीच मोकळीक घेऊन त्यांनी 'वॉर अँड पीस'च्या हिब्रू भाषांतरात तसाच चमत्कार घडवून दाखवला. शोधायची रीत बिनचूक होती. सैलपणा शोधाच्या आधीच्या यादीत होता, जिथे यंत्र नव्हतं, माणसं होती.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर गणितवाले माझे कान धरतील. फान डेर वार्डेनचं प्रमेय एकच रंग, म्हणजे इथे एकच अक्षर, सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा येतं एवढंच सांगतं. ठरावीक नाव सापडेल अशी हमी ते देत नाही. नावाचा प्रश्न शक्यतेचा आहे, मोजायचा आहे. पण दोन्हींचा स्वभाव एकच. पसारा मोठा असेल तर त्यात क्रम असतोच, आणि चांगली रीत तो काढूनही देते. तो कुणी ठेवला का, हे रीत सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्या वहीचा हिशेब केला. तीन हजार अक्षरं. सारख्या अंतरावरच्या तीन जागांचे प्रकार सुमारे साडेबावीस लाख. त्यांनी काना-मात्रा सोडून दिल्या होत्या, जोडाक्षरातलं पहिलंच अक्षर धरलं होतं. म्हणजे अक्षरं धरू पस्तीस. त्यांची तीन अक्षरी नावं ४२ हजार ८७५. भागाकार केला तर बावन्न येतात. काना-मात्रा धरल्या असत्या तर वेगवेगळी अक्षरं कित्येक पटींनी वाढली असती आणि ते नाव बहुधा एकदाही मिळालं नसतं. त्या सोडायचं त्यांनी कधी ठरवलं, नाव शोधण्याआधी की न सापडल्यावर, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

तेव्हा 'किती'चं उत्तर पन्नासच्या आसपास आहे. त्यांच्या मुलाचं नाव त्या अध्यायात पन्नासेक ठिकाणी असणार. त्यांनी एकाच ठिकाणी लाल गोल केले होते, कारण पहिलं सापडल्यावर ते थांबले होते.

हे त्यांना सांगायला मला उशीर झाला. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, वही मिटली असती की बाकीची पन्नास शोधायला बसले असते, मला खरंच ठाऊक नाही.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.